जयपूर परिसरातले गोंदण: एका स्त्रीकलेची आजची स्थिती

देहावर कायमची खूण करण्याच्या तीन जुन्या रीती जयपूर आणि आसपासच्या दौसा, टोंक, सवाई माधोपूर या भागांत आढळतात: सुईने गोंदणे, कान-नाक टोचणे आणि दातांत सोने बसवणे. कला म्हणून यांतली पहिली रीत सर्वांत समृद्ध आहे. तिकडे तिला गोदना म्हणतात. मीणा, गुर्जर, जाट आणि बंजारा समाजांतल्या वयस्क स्त्रियांच्या हनुवटीवर, गालावर, मनगटापासून कोपरापर्यंत आणि पोटऱ्यांवर ती आजही दिसते. तरुण मुलींच्या हातांवर मात्र ती क्वचितच आढळते.

गोंदवून घेणारी आणि गोंदणारी या दोघी बहुधा वेगवेगळ्या समाजांतल्या असत. सुई असे ती नट, कंजर यांसारख्या भटक्या जमातींतल्या बायकांच्या हाती. पिके निघाल्यावर त्या गावोगाव फिरत. मोबदला धान्य, गूळ किंवा जुने कपडे. दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात खलायची, दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, ठिपक्याला ठिपका लावत आकृती उठवायची आणि वर हळद चोळायची, एवढीच कृती. सुईने नेलेला काजळीचा कण त्वचेच्या वरच्या थरात राहिला तर काही आठवड्यांत झडून जातो. खालच्या थरात पोचला तर तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळून धरून ठेवतात आणि खूण जन्मभर राहते. काळी काजळी कातडीखालून निळसर-हिरवी दिसते. वर्षे जातात तशी रेघ थोडी पसरते. जुन्या गोंदणात ठिपके सुटे असतात आणि दोन रेघांमध्ये मोकळी जागा असते. त्यामुळे रेघा पसरल्या तरी सत्तरीतल्या बाईच्या हातावरचा मोर ओळखू येतो. ही मांडणी साधेपणातून आलेली नाही. हात, सुई आणि वय यांचा पक्का अंदाज तिच्यामागे आहे, आणि या कलेचे मूल्यमापन करताना हाच गुण सर्वांत आधी पाहायला हवा.

आकृतींचा संग्रह फार मोठा नाही. हनुवटीवर एक ठिपका, गालावर तीन. हातावर मोर, विंचू, फुलांची वेल, सीतेची रसोई. नवऱ्याचे, भावाचे किंवा देवाचे नाव. पुरुष दंडावर वा मनगटावर हनुमान, ओम किंवा स्वतःचे नाव कोरून घेतात. मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल, कारण महाराष्ट्रातही तुळशीवृंदावन आणि कपाळावरचे गोंदण याच परंपरेतून आले. मेल्यावर सोने-नाणे मागे राहते, गोंदण तेवढे बरोबर जाते, ही समजूत दोन्हीकडे आहे. जयपूर परिसराचे वेगळेपण मोरात दिसते. मीणा स्त्रिया मातीच्या भिंतींवर पांढऱ्या रंगाने जे मांडणे काढतात, त्यातही मोर पुन्हापुन्हा येतो. भिंतीवर तो घरची बाई स्वतः काढते आणि हातावर तोच मोर बाहेरून आलेली गोंदणारीण उमटवते. निवड एकीची आणि हात दुसरीचा असल्याने ही नक्षी कोणा एका जातीच्या नावावर मांडणे चुकीचे ठरते.

अभ्यासकांचे लक्ष या आकृतींकडे लवकर गेले. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांच्या हाताखाली मानववंशशास्त्राचे काम करणारे बाळकृष्ण आत्माराम गुप्ते यांनी भारतीय स्त्रियांच्या गोंदणाच्या नमुन्यांवर १९०२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये लेख लिहिला. या विषयाला इतक्या लवकर हात घालणारा मराठी माणूस म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे. मात्र वसाहतकाळातल्या अशा नोंदींची एक मर्यादा आहे. त्यांत आकृती येते, तिचा अर्थ येतो; गोंदणारीचे नाव बहुधा येत नाही. ती कोणाकडे शिकली, किती दाबाने सुई चालवत असे, हेही त्यांतून कळत नाही.

त्या काळच्या राज्यकर्त्यांना देहावरची खूण ओळख पटवण्यापुरती हवी होती. बंगालमध्ये १७९७च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ही शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे भटक्यांच्या फिरण्यावरच पहारा बसवला. जयपूर संस्थानाने १९३० मध्ये त्याच धर्तीचा जरायम पेशा कायदा केला आणि मीणांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागली. म्हणजे गोंदणारी आणि गोंदवून घेणारी अशा दोन्ही बाजूंचे समाज संशयित ठरले. देशपातळीवर गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण कंजर आणि नट यांच्याकडे पाहण्याची नजर त्याबरोबर गेली नाही. भटकंतीवर उभी असलेली कला या पहाऱ्याखाली किती आक्रसली असेल, याचा विचार तिच्या इतिहासात अभावानेच होतो.

टोचण्याची रीत तुलनेने सुखरूप राहिली. सुश्रुतसंहितेत सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाचे कान टोचण्याचा विधी आहे आणि फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. जड दागिन्यांनी पाळ्या फाटत हे त्यावरून उघड आहे. नाथपंथी कानफाटे जोगी दीक्षेच्या वेळी कान चिरून कुंडले घालतात. पुरुषांच्या कानातल्या मुरकीपासून स्त्रियांच्या नथीपर्यंत टोचलेल्या देहाभोवती मोठा व्यापार उभा आहे आणि जयपूरच्या जोहरी बाजाराला त्याचा आधार आहे. समोरच्या दाताला भोक पाडून सोन्याची चूंप बसवण्याची रीत मात्र ओसरली आहे.

गोदन्याला असा बाजार मिळाला नाही. ज्या शहराने कृपालसिंह शेखावत यांच्या हातून निळ्या मृत्पात्रांची कला पुन्हा उभी केली, छपाईच्या कापडाला जगभर गिऱ्हाईक मिळवून दिले, १८८७ पासून अल्बर्ट हॉलमध्ये कारागिरी मांडून ठेवली, त्याला गोदना सांभाळता आला नाही, कारण हे काम विकता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि धारण करणाऱ्या बाईबरोबर चितेवर जाते. यावर उपाय नव्हताच असे नाही. मिथिलेत दुसाध समाजातल्या चानो देवींसारख्या स्त्रियांनी १९७०च्या दशकापासून गोदन्याच्या आकृती कागदावर आणल्या आणि त्यातून स्वतंत्र चित्रशैली घडली. तिथे गोंदणाची ओळ कलावतीच्या सहीसह टिकली.

आज हे काम यंत्राकडे गेले आहे. सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये न्यूयॉर्कला विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच जातीची छोटी यंत्रे आता पुष्करच्या जत्रेतही दिसतात. जत्रेतला कारागीर बहुधा पुरुष असतो. त्याची रेघ अखंड, जाड आणि वेगाने ओढलेली असते, त्यामुळे ती लवकर पसरते आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. एकच सुई अनेकांना वापरली जाण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. कावीळ ब आणि एचआयव्ही यांचा संसर्ग अशा सुईतून होऊ शकतो. गोंदवून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, ते याच कारणाने. शहरी स्टुडिओत सुई नवी असते, रेघ स्वच्छ असते, छायाचित्रासारखी छटाही साधते. पण तिथल्या ‘ट्रायबल’ नमुन्यांच्या वहीत पॅसिफिक बेटांवरच्या नक्षीची छाप असते आणि पन्नास किलोमीटरवरच्या मीणा बाईच्या हातावरचा मोर तिथे सापडणे कठीण. हे या कलेचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

नोकरीचाही दाब आहे. राजस्थानातून सैन्यात जाणारे तरुण पुष्कळ आहेत. सैन्यभरतीच्या नियमांत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार अधिक सवलत आहे. बाकी ठिकाणची खूण अडते, म्हणून जत्रेत हौसेने काढलेले नाव भरतीआधी लेसरने घालवणारे तरुण आहेत.

नागालँडमध्ये मो नागा या गोंदणकाराने वृद्धांकडून नमुने समजून घेऊन ते नव्या पिढीच्या अंगावर आणले. मीणा-गुर्जर गोंदणावर असे काम करायचे तर आकृतींच्या छायाचित्रांवर भागणार नाही. देहावरची जागा, गोंदवतानाचे वय, काजळीची कृती आणि सुया बांधण्याची पद्धत यांची नोंद हवी. ती हयात असलेल्या गोंदणारणींकडूनच, त्यांच्या नावासह आणि मानधन देऊन घ्यावी लागेल.