तुकड्यांची नावे

आपल्या कथा-कादंबऱ्यांत हल्ली सगळ्याचेच तुकडे होतात. कागद फाडला, तुकडे. मडके फुटले, तुकडे. लाकूड फोडले, तरी तुकडेच! मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवितो. तेव्हा ही तक्रार मला दोन्ही नात्यांनी करावीशी वाटते.

आमच्या वाशीमकडच्या कोणत्याही घरात डोकावून पाहा. भाकरीचा कुटका, लाकडाची ढलपी, मडक्याची खापरी, कागदाचा कपटा, कापडाची चिंधी, तांदळाची कणी. मळणीनंतर सोयाबीनचे उरते ते कुटार. आणि दिवाळी सरता सरता डब्याच्या तळाशी चकलीचा राहतो तो चुरा! आता यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून पाहा. कापडाची ढलपी निघत नाही आणि लाकडाची चिंधी होत नाही. वस्तू कशाची होती आणि ती फाटली, फुटली की कुटली गेली, हे त्या नावातच येते. लेखकाने ‘ढलपी’ लिहिले की कुऱ्हाड वेगळी दाखवावी लागत नाही.

अपुऱ्या मापांचेही तेच. अर्धा शेर म्हणजे मापटे, पाव शेर म्हणजे चिपटे, त्याच्याही निम्मे ते कोळवे. शेराच्या या धाकट्या भावंडांना आपापली नावे होती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. हिशेब सोपा झाला, हे मान्यच. पण सव्वा आणि पाऊण अजून आपल्या तोंडी आहेत. सव्वा एकाच्या वर किती ते सांगतो, पाऊण एकाला किती कमी ते सांगतो. उणिवेलाही मराठीने नाव दिले आहे.

साहित्यातही हे नावांचे भान हवे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते पूर्ण असे आज उपलब्ध नाही. भोजासारख्या साहित्यशास्त्रकारांनी उदाहरणादाखल घेतलेली पद्ये तेवढी उरली. त्यांना काय म्हणाल? तुकडे म्हटले तर काव्य मोडले एवढेच कळेल. मी त्यांना वेचे म्हणेन. म्हणजे कोणा रसिकाने ती प्रेमाने वेचली, हेही कळेल.

वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा मुलांना डब्यातल्या चुऱ्याला चुराच म्हणायला सांगा. कोशात शब्द जपला जातो खरा, पण तो जगतो घरातच.