पालक फक्त ‘लाभार्थी’च का? मेळघाटातल्या बालसंगोपन संस्थांवरचं संशोधन वाचताना

अमरावती-अकोला भागात सामाजिक संस्थांवर पीएचडी करायची म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो: ‘मेळघाटातील बालकांच्या विकासात स्वयंसेवी संस्थांची भूमिका’. विषय चांगलाच आहे. अडचण आहे ती साच्याची. एका प्रकरणात संस्थेचा इतिहास, दुसऱ्यात उपक्रमांची यादी, मग शंभर-दोनशे लाभार्थ्यांची प्रश्नावली आणि शेवटी ‘बहुसंख्य पालक समाधानी आहेत’ हा निष्कर्ष. संस्थेत निर्णय कोण घेतं, तो कुठे होतो आणि चुकला तर विश्वस्तांना जाब कोण विचारू शकतं, हे प्रकरण सहसा नसतंच. असलं तरी ते विश्वस्तांच्या नावांच्या तक्त्यावर संपतं.

ही उणीव फक्त आळसाची नाही, असं मला वाटतं. आपण ज्या चांगल्या संशोधनाकडे आदर्श म्हणून बघतो, त्याचा प्रश्न वेगळा होता. आणि ज्या कायद्याखाली या संस्था चालतात, त्यातही पालकाची जागा पुसट आहे. दोन्ही जरा सावकाश बघू.

संशोधनाने काय दिलं

विदर्भातल्या बालमृत्यूंवरचं सगळ्यात गाजलेलं काम गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी मिळून मृत्यू मोजले आणि सरकारी नोंदीत किती बालमृत्यू येतच नाहीत हे दाखवलं. आपल्या अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यात, डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ ट्रस्टने घरपोच बालसंगोपनाची चाचणी केली. तिचा निबंध २०२२ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये आला.

तिन्ही कामं संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत. प्रश्न नेमका आहे, मोजमाप स्पष्ट आहे आणि मेहनत वर्षानुवर्षांची आहे. या संस्थांच्या कारभाराबद्दल मला इथे काहीच म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते आपण त्यांच्याकडून काय उचलतो याबद्दल. त्यांचा प्रश्न होता ‘बाळ वाचतं का?’ आई त्यात येते ती बाळाची काळजी घेणारी, माहिती देणारी, सल्ला ऐकणारी म्हणून. वैद्यकीय चाचणीत ते बरोबरच आहे. पण समाजशास्त्राचा किंवा समाजकार्याचा विद्यार्थी तीच चौकट जशीच्या तशी ‘संस्थेची भूमिका’ तपासायला वापरतो, तेव्हा घोळ होतो. संस्थेच्या कामाचा परिणाम आणि संस्थेचा कारभार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परिणाम उत्तम असूनही कारभार एकाच माणसावर टेकलेला असू शकतो. उलटही होऊ शकतं.

कायदा काय विचारतो

आता कायद्याकडे या. लहान मुलांच्या पालकांना मदत करणारी संस्था काढायची तर आपल्याकडे साधारण तीन वाटा आहेत. एक, विश्वस्तपत्र करून न्यास. दोन, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात जणांची संस्था. तीन, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात संस्था नोंदणी झाली तरी सहसा तेवढ्यावर भागत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक दिसतो, तर साध्या न्यासाच्या क्रमांकात बहुधा ‘ई’ असतो. हे अक्षर बघायची सवय लावून घ्या. का, ते पुढे येतंच.

हा अधिनियम बारकाईने वाचला तर त्याचं लक्ष मालमत्तेवर आहे हे कळतं. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. संस्थेच्या नावावर कर्ज काढायचं तर कलम ३६-अ आहे. विश्वस्त बदलले तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यायचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. याला कारण आहे. देवस्थानांच्या आणि धर्मशाळांच्या जमिनी गिळणारे विश्वस्त काही कमी नव्हते. तेव्हा हा कडकपणा गैरलागू नाही.

पण कलम २(१०) वाचा. ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, हे तिथे सांगितलं आहे. देवळाच्या बाबतीत तिथल्या पूजेला हजर राहण्याचा हक्क असलेला माणूस येतो. नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत नाव आहे ते तिच्या सभासदाचं. इतर न्यासांच्या बाबतीत विश्वस्त आणि लाभार्थी. कारभाराविरुद्ध कलम ५० खाली दावा लावायचा तर अशा किमान दोन व्यक्ती लागतात, वर आयुक्तांची लेखी संमती. (या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून प्रबंधात लिहिण्याआधी ताजी प्रत उघडाच.)

याचा अर्थ काय, बघा. चिखलदऱ्याजवळच्या एखाद्या गावात संस्थेचं पाळणाघर आहे असं धरा. संस्था ‘ई’ असेल तर बाळाला तिथे ठेवणारी आई निदान व्याख्येत तरी दिसते. ‘एफ’ असेल तर तिथे नाव आहे सभासदाचं, आणि ती सभासद नाही. काम तेच, बाळ तेच, आई तीच. फरक पडला तो स्थापनेच्या दिवशी सात मित्रांनी आणि त्यांच्या सल्लागाराने कोणता अर्ज भरला यावर. संशोधनाचा प्रश्न इथे आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

‘पालकांना यातलं काय कळतं?’

हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच घेतो. औषधाची मात्रा काय असावी हे पालकांनी ठरवायचं नाही, मान्य. पण कारभारातले बरेच निर्णय तसले नसतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी हंगामानुसार खाली मैदानी भागात उतरतात. पाळणाघर कोणत्या महिन्यांत चालू ठेवायचं, हा निर्णय त्या कुटुंबांशिवाय नीट होऊच शकत नाही. सभेचं इतिवृत्त मराठीत, देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत आणि घरची बोली कोरकू, जी मराठीच्या कुळातली भाषासुद्धा नाही. मग ‘पालकांशी चर्चा करून’ हे वाक्य अहवालात आलं की चर्चा कोणत्या भाषेत झाली, हे संशोधकाने विचारलंच पाहिजे.

पैशाचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो पैसा बहुधा प्रकल्पापुरता येतो आणि प्रकल्प संपला की थांबतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चही करता येत नाही. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून निधी घेणाऱ्या छोट्या गावपातळीच्या संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली. केंद्र बंद होताना देणगीदाराला अहवाल जातो, आयकर खात्याला हिशेब जातो. पालकाला मात्र दाराला कुलूप दिसतं.

आणि तुलना आपल्या समोरच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की त्याच्या आईला कायद्याने खुर्ची मिळते. त्याआधीची सहा वर्षं, जेव्हा मुलाच्या जिवाचाच प्रश्न असतो, तेव्हा संस्थेच्या टेबलाशी तिला कायदा खुर्ची देत नाही. शाळा समित्या कागदावरच राहतात असं कोणी म्हणेल. खरं आहे, पुष्कळ ठिकाणी राहतात. पण कागदावर असलेल्या हक्काची अंमलबजावणी मागता येते. जो हक्क कागदावरही नाही, तो मागायचा कुणाकडे?

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं

पहिलं, समाधानाची प्रश्नावली बाजूला ठेवा. मोफत मिळणाऱ्या सेवेबद्दल, तेही संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा असताना, कोण नाराज आहे म्हणून सांगेल?

दुसरं, कागद मागा: घटना किंवा विश्वस्तपत्र, शेड्युल वनचा उतारा, मागच्या दहा वर्षांचे बदल अर्ज, लेखापरीक्षण अहवाल. बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित राहू शकतो. त्यामुळे नोंदीत दिसणारे विश्वस्त आणि प्रत्यक्ष कारभार बघणारे विश्वस्त वेगळे असू शकतात. लेटरहेडवरची नावं म्हणजे पुरावा नव्हे.

तिसरं, घटनेत सभासदत्वाचं कलम शोधा. पालक सभासद होऊ शकतो का? वर्गणी किती? प्रवेश कोण मंजूर करतं? एका घरातल्या किती जणांनी मंडळावर असावं, याला मर्यादा आहे का? या चार उत्तरांतून संस्थेबद्दल जे कळेल, ते उपक्रमांच्या चाळीस पानांतून कळणार नाही.

चौथं, ज्यांनी कार्यक्रम सोडला त्या पालकांना भेटा, आणि शक्यतो त्यांच्या भाषेत. हे काम वेळखाऊ आहे. तीन वर्षांच्या पीएचडीत एकच संस्था नीट होईल, दहा नाही. गाइडला हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

वऱ्हाडाला हा विषय परका नाही. ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे, त्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. उभी केलेली संस्था पुढे कोणाच्या हाती असावी, हा विचार त्यात होता. आपल्या भागातल्या बालसंगोपन संस्थांना तोच प्रश्न विचारणारा एक नीट प्रबंध झाला, तर उद्या संस्था काढणाऱ्या सात जणांना अर्ज भरण्याआधी काहीतरी वाचायला मिळेल.