विकिपीडियाचे नियम आणि नवागत लेखक

कोशरचना हें विद्वानांचें काम, वाचकानें तें विश्वासानें उपयोगांत आणावें, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते पुष्कळांचें साह्य घेऊन, परंतु एका संपादकाच्या देखरेखीखालीं. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें जें काम उभें राहिलें त्याचीही घडण तशीच : लेख मागवावयाचा, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावयाचा आणि मग छापावयाचा. १५ जानेवारी २००१ रोजीं जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनीं सुरू केलेल्या विकिपीडियानें हा क्रम उलटा केला. तेथें आधीं प्रसिद्धि आणि मागाहून तपासणी. आणि तपासणाराही वाचकांपैकींच कोणी तरी. या कोशांतील लेखांच्या गुणदोषांविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. परंतु ज्या नियमांवर तो उभा आहे त्यांचें, आणि ते नवख्या माणसास ज्या रीतीनें शिकविले जातात त्या रीतीचें, परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मुक्तद्वार कोशाला नियम हवेत कशाला, असा प्रश्न प्रथम मनांत येतो. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. विकिपीडियाच्या आधीं त्याच मंडळींनीं न्यूपीडिया नांवाचा कोश काढला होता. तेथें प्रत्येक लेखास तपासणीच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. परिणाम असा झाला कीं, पहिल्या वर्षांत जेमतेम वीस-एकवीस लेख बाहेर पडले. दार फार अरुंद ठेवल्यास आंत कोणीच येत नाहीं, हा पहिला धडा. मग दार सताड उघडलें, आणि दुसरा धडा २००५ सालीं मिळाला. जॉन सीगेंथॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रांत, केनेडी बंधूंच्या हत्येच्या संदर्भांत त्याच्यावर संशय होता, असें धादांत खोटें विधान कोणीं तरी घुसडलें, आणि तें कित्येक महिने तसेंच राहिलें. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्या माणसास नवा लेख सुरू करण्याची मनाई झाली. यावरून दिसून येईल कीं, या कोशाचे पुष्कळसे नियम म्हणजे भरून आलेल्या जखमांचे वण आहेत. जुन्या संपादकांस जखम आठवते, म्हणून त्यांना वणाचा अर्थ कळतो. नवागतास मात्र नुसता वण दिसतो, आणि तो त्यास अकारण कठोरपणा वाटतो. तेव्हां नियमाबरोबर त्याचें कारण सांगणें, हें शिकविणाराचें पहिलें कर्तव्य होय.

या नियमांचा पसारा आज मोठा आहे; परंतु त्यांचें सार तीन वाक्यांत सांगतां येतें. लेखांत कोणताही पक्ष घेऊं नये. प्रत्येक विधान विश्वसनीय प्रसिद्ध साधनांवरून पडताळतां यावें. आणि लेखकानें स्वतःचें नवें संशोधन येथें प्रथम मांडूं नये. यांपैकीं पहिले दोन नियम बहुतेकांस ऐकतांक्षणींच पटतात. तिसरा मात्र सुशिक्षितांसच अधिक टोंचतो. आम्ही प्राध्यापक मंडळी विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों कीं, स्वतः विचार करा व आपलें मत मांडा. आणि येथें तर आपलें मत घरीं ठेवून या, असें सांगितलें जातें!

या नियमाची कसोटी पाहणारा एक प्रसंग वाङ्मयक्षेत्रांतलाच आहे. फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीवरील लेखांत, तिचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या लेखकावरून घेतल्याचें म्हटलें होतें. रॉथचें म्हणणें असें कीं, तें खोटें असून कथेचें बीज आपले मित्र, समाजशास्त्राचे प्राध्यापक मेल्व्हिन ट्यूमिन, यांच्या आयुष्यांतील एका घटनेंत आहे. त्यानें दुरुस्ती करवूं पाहिली. तेव्हां दुसऱ्या कोणा प्रसिद्ध साधनाचा आधार हवा, असें उत्तर त्यास मिळालें. शेवटीं सप्टेंबर २०१२ मध्यें त्यानें 'न्यूयॉर्कर'मध्यें विकिपीडियास अनावृत पत्र लिहिलें. जगभर हंसें झालें तें विकिपीडियाचें. लेखकासच आपल्या कादंबरीविषयीं बोलण्याचा अधिकार नाहीं काय, असें लोक विचारूं लागले.

आमच्या मतें येथें नियम चुकला नव्हता. सांगण्याची रीत चुकली होती. कोण बोलतो यापेक्षां, तो जें बोलतो तें इतरांस कोठें पाहतां येईल, याला हा कोश महत्त्व देतो. खाजगी रीतीनें आलेला निरोप रॉथचाच आहे हें उद्यांच्या वाचकानें कशावरून ओळखावें? तेंच म्हणणें रॉथच्या नांवानें छापून येतांच तो आधार झाला, आणि लेखांत त्याची नोंदही झाली. म्हणजे मार्ग होता. तो प्रथमच दाखविला असता तर तंटा झालाच नसता. 'तुमचें म्हणणें कोठें तरी प्रसिद्ध करा, म्हणजे तें आम्हांस उद्धृत करतां येईल,' हें एक वाक्य पुरे होतें. नियम सांगणें आणि वाट दाखविणें यांतील अंतर तें हेंच. ज्या समाजांत 'वडील म्हणतात' किंवा 'गुरुजी सांगतात' एवढ्यावर विधान खरें ठरतें, त्या आपल्या समाजास तर या नियमाचें महत्त्व विशेषच वाटलें पाहिजे.

वाट न दाखविण्याचा दोष किती दूरवर जातो याचें दुसरें उदाहरण २०१८ चें आहे. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या पदार्थवैज्ञानिक स्त्रीस त्या वर्षीं ऑक्टोबरांत नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं कांहीं महिने आधीं तिच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर परत करण्यांत आला होता. कारण, स्वतंत्र साधनांवरून तिचें उल्लेखनीयत्व सिद्ध होत नाहीं. वस्तुतः ती २०१३ सालीं ऑप्टिकल सोसायटी या मोठ्या विद्वत्संस्थेची अध्यक्ष होती, आणि विकिपीडियाच्या प्राध्यापकांविषयींच्या निकषांत असें पद उल्लेखनीयतेचें गमक मानलेलें आहे. मसुदा लिहिणारास हा निकष ठाऊक नसणें साहजिक होतें. तपासणारानें तो सांगावयास हवा होता. परंतु ठराविक मजकुराची सूचना चिकटविण्यास एक क्षण पुरतो. माणसाशीं दोन वाक्यें बोलण्यास पांच मिनिटें लागतात. आरन हाफेकर व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. इंग्रजी विकिपीडियावरील क्रियाशील संपादकांची संख्या २००७ नंतर उतरत गेली, आणि त्याचें एक प्रमुख कारण असें कीं, सद्धेतूनें आलेल्या नवागतांचें लेखन यंत्रांच्या साह्यानें झटपट पुसलें जाऊं लागलें. नवागतांस चावूं नका, असा उपदेश त्याच कोशाच्या मार्गदर्शनांत स्पष्ट लिहिलेला असतांना हें घडावें, यांत मोठा विरोधाभास आहे.

तथापि सगळा दोष जुन्यांच्या पदरांत टाकणें न्याय्य होणार नाहीं. याची दुसरी बाजू पाहण्यास दूर जावयास नको. ती पुण्यासच दिसली. २०११ सालीं विकिमीडिया फाउंडेशननें पुण्याच्या कांहीं महाविद्यालयांत एक शैक्षणिक उपक्रम आरंभिला. विद्यार्थ्यांनीं अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयाचे होते. शेंकडों विद्यार्थी एकदम आले, आणि त्यांतील पुष्कळांनीं पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला. प्रताधिकाराचा भंग झालेले तें लेखन निवडून काढतां काढतां जगभरचे स्वयंसेवक मेटाकुटीस आले, आणि त्याच वर्षीं तो उपक्रम गुंडाळावा लागला. मदतीस नेमलेल्यांपैकीं पुष्कळजण स्वतःच संपादनांत नवखे होते. परंतु खरें कारण अधिक खोल आहे. आपल्या शिक्षणांत पाठ्यपुस्तकांतील वाक्य जसेंच्या तसें लिहिणाऱ्यास पुरे गुण मिळतात. ज्यास उतरून काढणें हाच अभ्यास म्हणून शिकविलें, त्यास 'हा प्रताधिकाराचा भंग आहे' हें वाक्य परक्या भाषेंतलें वाटल्यास नवल नाहीं. आज मजकूर जुळविणारीं यंत्रें हातीं आल्यावर तर धोका वाढलाच आहे. कारण तीं कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचे आधारही बेधडक देतात.

मग नियम शिकवावे कसे? या बाबतींत जेम्स मरे याचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठीं त्यानें १८७९ सालीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जनतेस मदतीचें आवाहन केलें. आलेले लोक बहुधा हौशी होते. मरेनें त्यांना कोशशास्त्र शिकविलें नाहीं. दुर्मिळ, जुना, नवा किंवा विशेष अर्थानें योजिलेला शब्द दिसला कीं त्याचें अवतरण, ग्रंथाचें नांव, साल आणि पृष्ठ यांसह एका चिठ्ठीवर लिहून पाठवा, एवढेंच त्याचें सांगणें. काम लहान, नियम थोडे, आणि ते पाळले कीं चिठ्ठी आपोआप उपयोगी पडे. नवागतासही पहिल्या दिवशीं असेंच एक लहान काम द्यावें : एका निराधार विधानास आधार शोधून देणें. त्यांतच पडताळणीचा नियम, साधनांची पारख आणि तटस्थ वाक्यरचना या तिन्ही गोष्टी तो न कळत शिकतो.

मराठी विकिपीडियास, जो १ मे २००३ पासून चालू आहे, ही गोष्ट विशेष लागू आहे. त्याच्या परिभाषेंत कांहीं शब्द फार गोड आहेत. सरावाच्या पानास 'धूळपाटी' म्हणणाऱ्यानें अर्धे अध्यापनशास्त्र एका शब्दांत सांगितलें; धूळपाटीवर चुकलेलें अक्षर हातानें पुसलें जातें, आणि त्याची लाज कोणास वाटत नाहीं. परंतु चर्चेच्या पानास 'चावडी' म्हटलें आहे. इंग्रजी विकिपीडियानें नवशिक्यांसाठीं २०१२ सालीं काढलेल्या जागेचें नांव 'टीहाउस', म्हणजे चहाचें दुकान! चहाच्या दुकानांत माणूस सहज शिरतो; चावडीवर त्यास बोलावणें येतें. नांवाचा हा फरक क्षुल्लक नाहीं. शिवाय नियमांचीं पुष्कळशीं पानें इंग्रजीवरून उतरलेलीं असल्यामुळें त्यांतील वाक्यें मराठी अक्षरांत असूनही मराठी माणसास दोनदां वाचावीं लागतात. नियम मोडणारास दोष देण्यापूर्वीं तो त्यास कळण्याजोग्या भाषेंत सांगितला होता काय, हें पाहिलें पाहिजे.

मराठी नवागताच्या अडचणीही त्याच्याच आहेत. गांवच्या एखाद्या शिक्षकाविषयीं तो लिहितो : 'आमच्या गांवचे थोर समाजसेवक यांनीं अहोरात्र कष्ट करून ज्ञानाची गंगा दारीं आणली.' मदत करणारानें हें वाक्य पुसूं नये. त्याच्या शेजारीं बसून तें असें करावें : 'यांनीं अमुक सालीं गांवांत शाळा स्थापन केली,' आणि पुढें आधार. आदरार्थी अनेकवचन राहूं द्यावें, कारण तें मराठीचें व्याकरण आहे. 'थोर' काढावें, कारण तें लेखकाचें मत आहे. असा भेद एकदां दाखविला कीं पक्षपाताचा नियम दहा पानें वाचून कळणार नाहीं इतका स्पष्ट कळतो.

आधार कोठून आणावा, ही दुसरी अडचण खरी आहे. गांवोगांवचें पुष्कळसें ज्ञान अद्यापि तोंडींच आहे. येथें नियम वांकविण्याचा मोह होतो. परंतु तो टाळावा. आज खऱ्या गोष्टीसाठीं उघडलेली फट उद्यां खोट्या गोष्टीसही उपयोगी पडते. त्याऐवजीं नवागतास जिल्ह्याचें गॅझेटियर, जुन्या नियतकालिकांचे अंक आणि गांवचें वाचनालय यांकडे पाठवावें. जें कोठेंच छापलेलें नाहीं तें आधीं दुसरीकडे लिहून प्रसिद्ध करण्यास सांगावें. अशा रीतीनें एक निषेध अभ्यासाचें निमित्त होतो.

नवागतानेंही कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. स्वतःवर, आप्तांवर किंवा आपल्या संस्थेवर लेख लिहूं नये. लेखन पुसलें गेल्यास तें पुन्हां तसेंच घालण्याऐवजीं चर्चापानावर कारण विचारावें. 'धीट व्हा' असें विकिपीडिया म्हणतो खरें. परंतु धिटाई म्हणजे चुकण्याची तयारी, हट्ट नव्हे. नियम आड येत असतील तर ते बाजूस ठेवा, हेंही एक वचन तेथें आहे. तें कोशाच्या सुधारणेपुरतें आहे, आणि त्याचा अर्थ नियम जाणणारासच कळतो. व्याकरण मोडण्याचा अधिकार कवीस असतो, विद्यार्थ्यास नसतो.

एकंदरीत पाहतां, विकिपीडियाचे नियम चांगले, परंतु त्यांचें अध्यापन कच्चें, असाच अभिप्राय द्यावा लागतो. इंग्रजीस दहा नवागत गमावणें परवडेल. मराठींत काम करणारे हात थोडे असल्यामुळें एकही गमावणें परवडणारें नाहीं. शाळेंतील मुलें आज प्रथम माहिती शोधतात ती याच कोशांत, आणि ती मराठींत न मिळाल्यास तीं मुकाट्यानें इंग्रजीकडे वळतात. तेव्हां एखाद्या नवख्या लेखकाचें चुकलेलें वाक्य पुसण्यापूर्वीं जो जुना संपादक पांच मिनिटें थांबून तें दुरुस्त करून दाखवितो, तो केवळ एका लेखाची नव्हे, मराठी भाषेची सेवा करतो. नियमपुस्तक कितीही वाढलें तरी तें काम त्याच्याकडून होणार नाहीं. तें माणसानेंच माणसासाठीं करावयाचें आहे.