द्युफायची मिस्सा आणि तिचा लौकिक आधार

युरोपीय संगीतांत देवालयांतील गायन व दरबारी गायन असे दोन स्वतंत्र ओघ कल्पिण्याची रूढि आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. कांब्रे येथील गियोम द्युफाय (मृत्यु १४७४) याची ‘स ला फास ए पाल’ ही मिस्सा पाहावी. प्रेमानें फिकट पडलेल्या मुखाविषयीं त्यानें पूर्वीं एक गीत रचिलें होतें. त्याच गीताचा ‘तेनोर’, म्हणजे आधारभूत स्वरपंक्ति, त्यानें या चार कंठांच्या उपासनासंगीतांत योजिली. ‘ग्लोरिया’ व ‘क्रेदो’ या भागांत ती तीनदां येते: प्रथम मूळच्या तिप्पट कालमानानें, मग दुप्पट, शेवटीं मूळ मानानें. आपल्याकडील विलंबित, मध्य व द्रुत लयींचें येथें स्मरण होतें. आरंभीं गीत ओळखूं येत नाहीं, अंतीं तें उघड होतें. द्युफायचें खरें कौशल्य येथेंच आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६२ सालीं कामुक संगीतास देवालयांत मनाई केली. द्युफायनें मात्र आपल्या प्रेमगीताचा विटाळ मानिला नाहीं. लौकिक गीतांचीं बाडें क्षुल्लक म्हणून टाकिलीं गेलीं असतीं, तर या मिस्सेचा आधार आज नांवापुरताच उरला असता. संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.