निळ्याचे गणित, गढूळ किनारा

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे समुद्राच्या रंगावरचे छोटे पत्र १९२१ साली ‘नेचर’मध्ये आले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्यांनी बोटीवरूनच खोडले. निकोल प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरची चकाकी वगळली, तरी निळा उरलाच. पत्राखाली ठिकाण आहे ‘एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर’. मला ही ओळ पत्राइतकीच बोलकी वाटते. निळ्याची मीमांसा पाठवली गेली ती गढूळ पाण्यातून, आणि हे पाणी मात्र मीमांसेच्या कक्षेबाहेर राहिले.

ते तसेच राहिले, हा माझा आक्षेप आहे. मोरेल आणि प्रियर यांनी १९७७ साली समुद्राच्या पाण्याचे दोन वर्ग पाडले: जिथे रंग प्रामुख्याने वनस्पती-प्लवक ठरवतात ते, आणि जिथे गाळ व विरघळलेले पिवळसर सेंद्रिय द्रव्यही रंगात हात घालतात ते. पुढच्याच वर्षी निम्बस-७ उपग्रहावरून रंग टिपणारे यंत्र गेले. त्याच्या नावात ‘किनारपट्टी’ होती, पण त्याचे गणित चांगले जमले ते खुल्या समुद्रात!

कारण साधे आहे. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, म्हणून निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरून प्लवक मोजतात. पण पिवळसर द्रव्यही निळाच शोषते. शिवाय उपग्रहाकडे येणारा बहुतेक प्रकाश हवेचा असतो. तो वजा करताना अवरक्तालगतच्या पट्ट्यात पाणी काळे धरतात. गाळ तिथेही चमकतो, आणि वजाबाकीच चुकते. खंभातच्या आखातात नर्मदा-तापीचा गाळ आणि प्रचंड भरती-ओहोटी. तिथला नकाशावरचा लाल डाग हरितद्रव्याचा की मातीचा, हे रंगपट्टी सांगत नाही. सूत्रे सुधारली आहेत, आपला ओशनसॅटही १९९९पासून पाहतो आहे. पण छापील नकाशा अजून दोन्हींना एकच लाल देतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चे मासेमारीचे सल्ले पृष्ठतापमान आणि हरितद्रव्य यांवर आधारलेले असतात. मातीच्या रेषेला प्लवकांची रेषा समजले, तर डिझेल जळते ते नाखव्याचे.

कोकणात नद्या तांबडी माती ओततात ती पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच वर ढग असतात. मासिक सरासरीचा नकाशा तरीही भरलेला दिसतो, तो मोजक्या निरभ्र दिवसांवर. ते दिवस किती, हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात मी शोधतो. बहुधा तो छापलेला नसतो.