'फँड्री' : शालूच्या बाकावरून

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आम्ही आठ-दहा जणींनी पांढुर्ण्यात एकीच्या घरी बसून पाहिला. मधेच एक काकू उठल्या. "डुक्कर धरतात ते बघवत नाही बाई, पाप लागतं." जीवदया आपल्याला लहानपणापासून शिकवलेली. पण त्याच प्रसंगात जब्या वर्गातल्या पोरांची नजर चुकवत लपतो, त्याच्या जिवाचं काय होतंय ते आम्ही सगळ्यांनी चहा पीत पाहिलं.

प्रसंग फार नेमका आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुकरामागे धावणारं कैकाडी कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. शाळेचा मान त्यांनी राखला. शाळेनं त्यांचा राखला का? नावच बघा ना. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याच्या घरचा हा शब्द पोरांना फक्त चिडवायला उपयोगी पडतो.

हे आपल्याला तरी कळायला हवं. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपला छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. घरी मराठी, पुस्तक हिंदी. सौंसरला वर्गात मी "मेरेको पानी पाहिजे" म्हटलं की हशा व्हायचा. पण माझ्या घरी दुकान होतं, शिकवणी होती. शेवटच्या बाकावरच्या गोंड मुलीच्या घरी गोंडी, बाजारात मराठी; हिंदी तिची तिसरी भाषा. तिच्या डब्यात झिंगे निघाले म्हणून आम्ही आमचा बाक पुढे ओढून घेतला. आठवीनंतर ती दिसली नाही. मी विचारलंही नाही.

2014 च्या जानेवारीत जैनांना देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, फेब्रुवारीत हा चित्रपट लागला. 2001 च्या जनगणनेत आपली साक्षरता 94.1 टक्के, सगळ्या धर्मांत वरची. आपल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म आपण भरतो, भरावेतही. वर्गात अल्पसंख्याक तर तीही होती, अगदी एकटी. तिचा फॉर्म कोणी भरला असता?

म्हणून मला शालू खटकते. दिग्दर्शकानं तिला दुरूनच दाखवली. ती जब्याची नजर आहे, मान्य. पण बघ्यांत उभी राहणारी चांगल्या घरची मुलगी तयार कशी होते, ती अर्धी गोष्ट राहूनच गेली.

शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट बघणाऱ्याकडे येतो. आपल्याला दगडाचं काय नवल! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार दरवर्षी पाहतोच. तरी मी मान बाजूला घेतली. तेवढ्यात काकू आत आल्या. म्हणाल्या, "संपला का एकदाचा?"