वाड्यांचा सांगाडा आणि हातसुतारकी

मराठी मुलखातल्या जुन्या वाड्याचा मजला आणि छप्पर मुख्यतः लाकडी सांगाड्यावर उभे असते. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर, अशी त्याची चढती रचना. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढे आहे, हे खणांतच सांगितले जाई. पेशवाईत ही बांधणी पुणे, सातारा, वाई, नाशिक या भागांत बहरली. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा, नाना फडणविसांचा पुण्यातला नानावाडा आणि मेणवलीचा वाडा, दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा ही तिची ठळक उदाहरणे. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, कोरीव गॅलऱ्या यांमुळे हे वाडे ओळखले जातात. पण सुताराची खरी कसोटी कोरीवकामापेक्षा सांध्यांत लागत असे, आणि आज नेमका तोच भाग सर्वांत दुर्लक्षित आहे.

या कामाची हत्यारे मोजकी होती. आराकस ओंडका चिरत, सुतार सूत मारून रेघ पाडी, वाकसाने तासून बाजू सरळ करी, मग रंधा फिरे. खाच पाडायला पटाशी, भोकाला सामता, काटकोनाला गुण्या, उभ्या रेषेला ओळंबा. करवत लाकडाचे तंतू सरळ रेषेत कापत जाते. वाकसाचा घाव मात्र तंतूंच्या कलाने चालवता येतो, त्यामुळे गाठ कुठे आहे, रेघ कुठे वळते, हे तासतानाच हाताला कळते. कोणते लाकूड खांबाला, कोणते तुळईला, तुळईची कोणती बाजू वर ठेवायची, हा निर्णय या तासणीतच होई.

खांब आणि तुळई यांचा सांधा पाहिला की या कामातली समज उघड होते. खांबाच्या माथ्यावर चौकोनी कूस ठेवतात. ती हस्ताच्या भोकातून वर येते आणि तुळईच्या तळाच्या खाचेत बसते. हस्त दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने तुळईचा मोकळा गाळा कमी होतो. दोन तुळया जिथे जोडायच्या, तो जोड खांबाच्या डोक्यावर, हस्ताच्या आधाराने येईल अशी आखणी असते. जोड गाळ्याच्या मध्यावर आला, तर वाकण्याचा सगळा ताण त्यावरच पडतो. कूस सैल राहिली तर सांधा हलतो, फार घट्ट झाली तर ठोकताना खांब फुटतो. एक-दोन सुतांचा हा फरक पटाशीनेच साधायचा. लोखंडाचा वापर बेताचा असल्याने असा सांगाडा उकलून दुसरीकडे उभा करता येतो. कोथरूडचा मस्तानी महाल पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेला आहे.

लाकडाचे शत्रू दोन, आग आणि ओल. शनिवारवाड्याचे आतले महाल १८२८ च्या आगीत गेले. तिथे आज दगडी जोती उरली आहेत, तर दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात लाकूडकाम पाहायला मिळते. विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्ये आगीची झळ बसली. ओलीचे नुकसान संथ असते. खांबाचा तळ, भिंतीत पुरलेली तुळईची टोके आणि पागोळ्यांखालचे वासे आधी कुजतात, वाळवीही तिथूनच शिरते. तळखडा खांबाला जमिनीपासून वर उचलून धरतो, तो याचसाठी.

दुरुस्तीची जुनी रीत या कमकुवत जागा ओळखून ठरलेली होती. तुळईला टेकू देऊन भार उचलायचा, खांबाचा कुजलेला तळ निरोगी गाभ्यापर्यंत कापायचा, त्याच जातीचे वाळलेले लाकूड तिरप्या सांध्याने जोडायचे आणि लाकडी मेखा मारायच्या. आजच्या दुरुस्त्यांत अनेकदा याउलट घडते. कुजलेल्या खांबाभोवती काँक्रीट ओततात, भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात, वाकलेल्या तुळईखाली लोखंडी चॅनेल सरकवतात. सिमेंटमागे ओल कोंडते आणि आतले लाकूड आणखी लवकर कुजते. ताठ लोखंड बहुतेक भार स्वतःकडे ओढते, त्यामुळे भाराची मूळ वाटणी बिघडते. दर्शनी महिरप मात्र पॉलिश करून चकचकीत केली जाते. जतन झाल्याचा देखावा उभा राहतो, पण मागचा सांगाडा आजारीच असतो.

या बांधणीची दुसरी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात झाली. लातूर-उस्मानाबाद भागातल्या घरांना लाकडी खण, त्यावर मातीचे जड माळवद आणि सभोवती मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट वा त्याहून जाड भिंती होत्या. हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः या भिंती कोसळल्याने. कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे राहिले. सांगाड्याचे दोषही तिथे दिसले. खांब तळखड्यावर नुसते टेकलेले होते, तिरपे धिरे नव्हते आणि सांगाडा भिंतीशी बांधलेला नव्हता. जाणकारांनी खांब आणि तुळई यांच्या कोनात धिरे बसवण्याचा उपाय सुचवला. हे काम गावच्या सुताराच्या आवाक्यातले होते. पुनर्वसन मात्र बहुतांशी सिमेंटच्या घरांनी झाले आणि दगडी भिंतीबरोबर लाकडी खणही लोकांच्या मनातून उतरला.

लाकूड मिळणेही अवघड झाले. वनसंवर्धन कायदा १९८० मध्ये आला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. जंगलांसाठी ते गरजेचे होते. जाड घेराचा, पूर्ण गाभ्याचा साग दुर्मिळ झाला, आयात साग महाग पडतो आणि लागवडीच्या कोवळ्या सागात गाभा कमी असतो. उरतो तो पाडलेल्या वाड्यांचा जुना साग. त्याचा बाजार तेजीत आहे, पण नक्षीदार खांब आणि दरवाजे हॉटेलांच्या, फार्महाउसच्या सजावटीला जातात, तर तुळया चिरून त्यांच्या फळ्या होतात. डागडुजीला उपयोगी पडेल असे लाकूड अशा रीतीने खर्ची पडते.

कारागिरांची स्थिती याहून नाजूक आहे. बलुतेदारीत सुतारकी बापाकडून मुलाकडे येई. आज सुताराचे पोट फर्निचर आणि प्लायवुडवर चालते. प्रशिक्षणात शिकवले जाणारे सांधे चौकट-खिडकीच्या मापाचे असतात. दहा-बारा फुटी तुळई उचलून जागेवर बसवण्याचा सराव त्यांतून मिळत नाही. वास्तुविशारदांच्या नोंदीही बहुधा नकाशा आणि दर्शनी भाग यांवर थांबतात. सांधा उकलून त्याचे माप क्वचितच घेतले जाते.

इतरत्र या कौशल्याला सार्वजनिक आधार मिळाला आहे. जपानमध्ये इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यामुळे प्रत्येक पिढीच्या हातून ते काम होते. पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर २०१९ मध्ये जळाले. नवे उभारताना ओकच्या तुळया कुऱ्हाडीने हाताने तासल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. दोन्हीकडे पैसा आणि लाकूड यांइतकीच शिकलेल्या हातांची उपलब्धता निर्णायक ठरली.

महाराष्ट्रात विश्रामबागवाडा, नानावाडा यांसारख्या वास्तूंच्या जतनामुळे जुन्या पद्धतीच्या कामाला थोडीफार मागणी टिकून आहे. ती एकेका प्रकल्पापुरती असते, आणि काम संपले की कारागीर पुन्हा फर्निचरकडे वळतो. पाडकामाआधी सांध्यांची नोंद घेणे, जुना साग डागडुजीसाठी राखून ठेवणे आणि दुरुस्तीच्या ठेक्यात शिकाऊ सुतारांना जागा देणे, या तीन गोष्टी नव्या कायद्याविनाही करता येण्याजोग्या आहेत. त्या झाल्या नाहीत, तर कोरलेले खांब संग्रहालयांत राहतील, पण कुजलेला खांब बदलू शकणारा सुतार मिळणार नाही.